चाकातली उचकी

आमच्या काष्टी गावात असं बोलतात की सुमनबाई ओहोळच्या सायकलला हात लावला की शॉक बसतो. स्टँडवरचा रसवंतीवाला सांगतो, माझ्या मेव्हण्याला बसला. मेव्हणा सांगतो, मला नाही, माझ्या मित्राला बसला. मित्र कोण ते अजून कुणी सांगितलेलं नाही. दुसरी बातमी अशी की बाई पहाटे कालव्याच्या कडेनं जाताना शेतीच्या तारांवर आकडा टाकते आणि त्या चोरीच्या विजेवर तिचा दिवा जळतो. आकडा टाकून सायकल पळवायची तर वायर केवढी लांब लागेल, एवढा विचार कोण करतो? तिसरी बातमी गावाला सगळ्यात जास्त आवडते. पोरानं पुण्याहून चाकात मोटार बसवून दिलीय, म्हातारी नुसती वर बसती, सायकल आपोआप पळती.

यातलं काहीच खरं नाही. शॉक बसत नाही, मी स्वतः हात लावून बघितलाय. आकडा नाही. मोटार तर नाहीच. मोटारीला वीज दिली की चाक फिरतं, इथं चाक फिरलं की वीज येते. आणि ते फिरवायला सुमनबाईचे दोन पाय लागतात, तिसरं कुणी लागत नाही. पुढच्या चाकाच्या मधोमध, जिथं सगळे आरे येऊन मिळतात त्या हबमध्येच डायनामो आहे. बस्स.

शॉकची बातमी तिच्या कानावर आहे. ती खोडून काढत नाही. म्हणते, "बसतो म्हनतेत तर बसू दे की. कुलूप लावायचा ताप वाचला."

सुमनबाई पेपर टाकते. काष्टी स्टँडपासून कालव्याच्या कडेकडेनं पार शेवटच्या वस्तीपर्यंतची लाईन तिची. लाईन म्हणजे एका माणसानं रोज पेपर टाकायच्या घरांचा रस्ता. एजन्सी गहिनीनाथशेठची. ही लाईन आधी रंभाजीकाकांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची होती. त्यांना अंधारात दिसेनासं झालं, एकदा ते घराऐवजी गोठ्यात पेपर टाकून आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी सुमनबाई पदर खोचून स्टँडवर हजर.

शेठ म्हणाले, "बाईमानसाचं काम न्हाई हे."

ती म्हणाली, "का? पेपर टाकायला मिशा लागतेत?"

शेठना मिशा नव्हत्या. सगळा स्टँड हसला आणि लाईन तिला मिळाली.

सायकलही रंभाजीकाकांचीच. काळी, उंच, दांडीची. सुमनबाई लहानपणी दांडीच्या मधून पाय घालून अर्ध्या पायडलवर सायकल शिकली होती. आता ती तीन उड्या मारत पळते आणि चौथीला सीटवर असते. खाली उतरताना मात्र कुणी बघत असेल तर ती "बाजूला व्हा" असं इतक्या शांतपणे म्हणते की माणूस बाजूला होतोच.

आता गेल्या हंगामातली गोष्ट. कारखाना सुरू झाला की आमच्या रस्त्यावर पहाटेपासून ट्रॅक्टर, आणि एकेका ट्रॅक्टरमागं उसानं फुगलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉली आली की कडेला उतरून उभं राहायचं, हे सुमनबाईला कुणी शिकवायला नको. पण तिच्या सायकलला तेव्हा बाटलीचा डायनामो होता, टायरला घासून चालणारा. चाक फिरतंय तोवर उजेड. थांबलं की अंधार. म्हणजे बाई दिसायची गरज सगळ्यात जास्त ज्या वेळी, नेमकी त्याच वेळी बाई गायब.

एका पहाटे कालव्याच्या पुलाजवळ ती अशीच कडेला उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्याला ती दिसली नाही. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस हँडलला अडकला, आणि सायकल, बाई आणि गठ्ठा असं तिन्ही चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघालेल्या पाटाच्या, पाण्यात गेलं. ट्रॅक्टर गाणी वाजवत पुढं निघून गेला. सुमनबाई उठली, गुडघा बघितला, हँडल सरळ केलं आणि लाईन पूर्ण केली. वस्तीवर कुणी विचारलं, पेपर ओला कसा? तर म्हणाली, "आज बातम्याच तसल्या हायत. वाळवून वाचा."

दुसऱ्या दिवशी शेठनी तिला स्टँडवर सगळ्यांसमोर थांबवलं. मी तिथंच बाकावर चहा पीत होते, त्यामुळे हे जसंच्या तसं आहे.

"बाई, उद्या तुमचं काय बरंवाईट झालं तर लोक माज्या नावानं बोंब मारतील. तुमचं वय झालं. ह्या वयात म्हातारीनं घरी बसावं, नातवंडं खेळवावीत, देवाचं नाव घ्यावं. सूर्यभानच्या चेतनकडं मोटारसायकल हाय. लाईन त्याला देतो. तुमच्या भल्याचं सांगतोय."

"नातवंडं पुन्यात हायत," सुमनबाई म्हणाली. "खेळवायला तिथवर सायकलनं जाऊ का?"

"तसं न्हाई, बाई."

"मग कसं? चूक काय झाली माजी? दिवा विझला. थांबल्यावर न विझनारा दिवा आनते. मग?"

"मग बघू."

"बघू न्हाई. सांगा."

शेठनी इकडंतिकडं बघितलं. स्टँड ऐकत होता. "नवा महिना लागायच्या आत आना," ते म्हणाले. "मी सवता पुलावर उभा राहून बघनार. ट्रॉली जाईस्तवर दिवा ऱ्हायला तर लाईन तुमची. न्हाईतर चेतनची."

चेतन बाजूला मोटारसायकलवर रेलून केस नीट करत होता. त्यानं त्याच दिवशी पेपर ठेवायला मोठी पिशवी विकत आणली.

मग सल्ल्यांचा बाजार भरला. पुण्यातल्या तिच्या पोरानं चार्जिंगचा दिवा पाठवून दिला. दिवा चांगला होता, पण आमच्याकडं लाईट आली की मोबाईल, मोटार, गिरणी सगळेच एकदम तिच्यावर तुटून पडतात आणि ती परत जाते. दिवा कायम अर्धपोटी. एका पहाटे निम्म्या वाटेवर तो लाल डोळा मिचकावून मेला. सुमनबाईनं तो घरी आणून फळीवर ठेवला. "ह्याला रोज येळेवर जेवू घालायचं, आन कामाच्या टायमाला ह्यो झोपनार. असला एक हाय की घरात."

"मला ऐकू येतंय," ओट्यावरून रंभाजीकाका म्हणाले.

"ऐकायलाच बोलतीय."

पोरगा फोनवर म्हणाला, आई, मग स्कूटी घे. ती म्हणाली, "सायकलला काय झालंय?" तो म्हणाला, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोकांची लाईन मी टाकती. ते काय म्हनतेत ते मला रोज पहाटे कळतं." फोन ठेवला.

राधाकृष्णाच्या सायकल दुकानात नवीन बाटलीचा डायनामो होता. राधाकृष्णाच्या ओठांत कायम आऱ्यांच्या बारक्या पितळी टोप्या धरलेल्या असतात, त्यामुळे तो सगळं दात न उघडता बोलतो. "ह्योच घ्या, बाई. बापजाद्यांपासून चालतोय." ती म्हणाली, "काळ्या रानाच्या चिखलात घसरतो, टायर खातो, दळन दळल्यासारखा वरडतो, आन थांबलं की मरतो. बापजादे काय सगळे हुशार हुते व्हय?"

म्हणजे नको काय ते पक्कं झालं होतं. हवं काय ते ठरत नव्हतं, आणि महिना संपत चालला होता.

ते ठरलं एका पुण्याच्या पोरीमुळे. तिचं नाव दिपाली. लांबच्या पल्ल्याच्या सायकलवाल्यांचा एक घोळका उजाडायच्या आधी स्टँडवर चहाला थांबला, त्यात ती होती. सगळ्यांच्या सायकली भिंतीला टेकलेल्या, आणि एकीचा दिवा तसाच जळत होता. सुमनबाईनं हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"ए बाय, दिवा चालू ऱ्हायलाय तुजा. बॅटरी उतरंल."

"बॅटरी नाहीच आहे त्यात, काकू," दिपाली म्हणाली. "पुढच्या हबमध्ये डायनामो आहे. आणि दिव्याच्या आत थोडीशी वीज साठून राहते, म्हणून थांबले तरी काही मिनिटं जळतो."

"पावसात?"

"चालतो."

"चिखलात?"

"टायरला टेकतच नाही, मग चिखल काय करणार?"

"चोरीला गेला तर?"

"मग चोराला चाकच न्यावं लागेल," दिपाली हसून म्हणाली.

सुमनबाई हसली नाही. तिनं त्या सायकलचं पुढचं चाक उचललं, एका बोटानं हळूहळू फिरवलं, आणि दिव्याकडं न बघता हबला कान लावला. "तुज्या चाकाला उचकी लागलीय."

"असतेच ती. आत चुंबक आहेत ना. हातानं फिरवलं की लागते, सायकल चालवताना कळत नाही."

सुमनबाईनं चाक खाली ठेवलं आणि असला हब मिळतो त्या दुकानाचा नंबर मागून घेतला.

पुढचे काही दिवस ती माझ्या मोबाईलमध्ये हब बघत होती. मी वाचायचे, ती ऐकायची, आणि राधाकृष्ण न विचारता सांगायचा. त्याचं पहिलं मत असं की डायनामो मागच्या चाकाला पाहिजे, कारण ओझं मागं असतं तर ताकदही मागंच लागणार. दुसरं मत असं की छत्तीस आऱ्यांचा घ्या. जास्त आरे, जास्त दम. सुमनबाई खडू घेऊन आपल्या पुढच्या चाकासमोर बसली आणि एकेक भोक खुणेनं मोजत गेली. बत्तीस निघाली.

"रिमला बत्तीस भोकं," ती म्हणाली. "वरचे चार आरे कुठं खुपसू, तूच सांग."

राधाकृष्णाच्या ओठांतली एक टोपी खाली पडली.

एक हब शर्यतवाल्यांचा होता, पिसासारखा हलका. दुसरा साधा, जड, ठोकळ्यासारखा. दुकानदार फोनवर हलक्याचं कौतुक करत होता. तिनं त्याला मध्येच तोडलं. "साहेब, माज्या कॅरिअरवर रविवारच्या पुरवन्या असतेत. त्यापुढं तुमच्या हबचं वजन म्हंजी बैलावर माशी. जड द्या. आन थांबल्यावर जळनारा दिवा त्याच्याबरोबर द्या." दुकानदारानं शेवटी एकच सूचना दिली: काही झालं तरी हब खोलू नका, खोलला की आतलं चुंबक निकामी होतं, आणि मग तो परत घेणार नाही.

खोकं आलं ते नेमकं बाजाराच्या दिवशी. काष्टीचा बाजार म्हणजे जनावरांचा बाजार, आणि राधाकृष्णाचं दुकान बाजाराच्या वाटेवर. खोकं उघडेपर्यंत भोवती टोपीवाल्यांचं कडं जमलं. त्यात मच्छिंद्र हेडी होता. हेडी म्हणजे जनावरांच्या सौद्यातला दलाल. मच्छिंद्र माणसांशी बोलतानाही अधूनमधून जिभेनं टक टक करतो, बैलाला पुढं सरकवल्यासारखं. त्यानं विचारलं नाही, हब उचलला, खालून बघितला, वरून बघितला, दात बघायला तोंड सापडेना म्हणून जरा थबकला, आणि मग दोन बोटांत आस धरून फिरवला.

टक. टक. टक. हब अडखळत अडखळत फिरला.

मच्छिंद्रनं हब खाली ठेवला. "चाल तुटती ह्याची. पुढच्या पायात दोष हाय. बाई, फसवलं तुमाला. परत धाडा."

मग प्रत्येकानं फिरवून बघितला. एकजण म्हणाला, गुडघ्यात धरतंय. दुसरा म्हणाला, प्रवासात अंग आखडलं असंल, जरा चालवून बघा. आमच्या बाजारात तीन शहाण्यांनी एखाद्या बैलाला दोष लावला की चौथं गिऱ्हाईक फिरकत नाही. इथं तर पंधरा शहाणे होते.

राधाकृष्णानं पाना काढला. "गोळ्या वाळल्यात आतल्या. खोलतो, ग्रीस भरतो, लोन्यावानी फिरंल."

त्याचा हात हबवर पडायच्या आत सुमनबाईनं हब उचलून पदरात घेतला आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

"कुनी हात लावायचा न्हाई."

"अवो, जाम हाय त्यो."

"जाम न्हाई. उचकी हाय. त्या पुन्याच्या पोरीच्या चाकालाबी हुती."

"माजी हयात गेली चाल बघन्यात," मच्छिंद्र म्हणाला.

"मग बैलाची बघा. ह्याला शेपूट दिसतंय का तुमाला?"

हसले सगळे, पण हटलं कुणी नाही. राधाकृष्ण समजावत होता, मच्छिंद्र टक टक करत होता, मागून कुणीतरी म्हणालं, बाईच्या हट्टापायी वस्तू वाया जानार. खरं सांगायचं तर मीही हळूच म्हणाले, "काकू, थोडासाच खोलून बघू दे की." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरकले.

"न खोलता बसवला आन बंद पडला," राधाकृष्ण दात न उघडता म्हणाला, "तर माज्याकडं यायचं न्हाई."

"येनार न्हाई. तुज्या दुकानावरनं दिवा लावून जाईन. बसव."

बसवणंही सोपं नव्हतं. पुढचं चाक ज्यात बसतं तो जुना चिमटा हबला अरुंद पडला. राधाकृष्णानं एक पाय ओढला, सुमनबाईनं दुसरा, आणि तो फाकवला. आस खाचेत जाईना, म्हणून खाच कानशीनं घासली. हबचा घेर मोठा, त्यामुळे जुने आरे लांब पडले. ते कापून त्यांना नव्यानं आटे पाडले. मच्छिंद्र बैल विकायचे सोडून हे सगळं बघत बसला. चाक बसल्यावर सुमनबाईनं पुढचं टोक उचलून हातानं एक जोरदार फेरा दिला. भर उन्हात दिवा लागला.

"उजेड देतंय," मच्छिंद्र म्हणाला. "पन चाल न्हाई ती न्हाईच."

संध्याकाळी मी तो दिवा जरा नीट बघितला. चाक थांबलं की तो विझत नव्हता, पण मंदावत होता. मी म्हणाले, "काकू, दोन ट्रॉल्या जायच्या आत ह्यो विझतोय बघ. ट्रॉल्या काय मुंगीच्या पावलानं जातात."

"लाव पैज."

"लावली. काय द्यायचं?"

तिनं विचारही केला नाही. "हरलीस तर गहिनीनाथसमोर गहिनीनाथ करायचा. मागं सगळ्यांच्या नकला करत हिंडतीस ना? पुढं कर. मला जे बोलला ते सगळं. स्टँडवर, गठ्ठे सुटायच्या टायमाला."

"आणि मी जिंकले तर?"

"तू जिंकलीस म्हंजी लाईन गेली माजी," ती चाक पुसत म्हणाली. "मग काय पायजे ते माग. सायकल माग."

महिन्याच्या शेवटच्या पहाटे आम्ही पुलावर होतो. अंधार दाट होता. शेठ कानटोपीत, हात काखेत घालून उभे. चेतन मोटारसायकलसकट आलेला, नवी पिशवी टाकीवर, इंजिन बंद करून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. लांबून सुमनबाईचा दिवा आला. पांढरा, न थरथरता, घासल्याचा आवाज नाही. आमच्यासमोर येऊन ती उतरली, सायकल कडेला धरून उभी राहिली. दिवा मंदावला, पण राहिला. मी मनात म्हटलं, आता विझतोय.

ट्रॅक्टर आला. पुलाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं सुमनबाईचा दिवा बघितला आणि तिला जागा द्यायला ट्रॅक्टर पलीकडं ओढला. नेमका जिथं चेतन अंधारात उभा होता तिथं. हॉर्न वाजला, ब्रेक लागले, आणि ड्रायव्हरनं वरून चेतनचं सगळं खानदान मोजलं. "मरायला उभा ऱ्हायलास का? दिसत न्हाईस, दिवा तरी लाव की." चेतन मोटारसायकल ढकलत कठड्याला चिकटला. त्याची पिशवी चारीत पडली.

"चेतन, दिवा लाव, बाबा," सुमनबाई अलीकडून म्हणाली. "थांबल्यावर अंधार पडतोय तुजा."

पहिली ट्रॉली गेली. दुसरी गेली. त्यांच्या मागं आणखी एक ट्रॅक्टर लागलेला होता, त्याच्याही दोन ट्रॉल्या गेल्या. मी दिव्याकडं डोळे न मिचकावता बघत होते. तो छोटा झाला होता, चांदणीएवढा, पण प्रत्येक ट्रॅक्टर त्याला बघून कड सोडत होता.

शेठ खाकरले. "ठीक हाय. लाईन तुमची."

"माजीच हुती," सुमनबाई म्हणाली, आणि तीन उड्या मारत निघून गेली.

दुसऱ्या पहाटे स्टँडवर गठ्ठे सुटत होते. मी टाळाटाळ करून बघितली, घसा बसलाय म्हणाले. सुमनबाई पेपर मोजत होती. मान वर न करता तिनं बोटानं बाक दाखवलं. मी बाकावर चढले. शेठ हातात सुतळी घेऊन समोरच उभे. मी खांदे पाडले, हात काखेत घातले आणि सुरुवात केली. "बाई, तुमचं वय झालं. ह्या वयात म्हातारीनं घरी बसावं, नातवंडं खेळवावीत, देवाचं नाव घ्यावं. तुमच्या भल्याचं सांगतोय." एकही शब्द गाळला नाही. कुणी हसलं नाही. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. सुतळी बोटाला गुंडाळली, परत सोडली.

"मी असं बोललो व्हय?"

सगळा स्टँड म्हणाला, "व्हय."